कबीर कला मंच : गाणे कोणी ऐकले?

१

कबीर कला मंचाविषयी आजवर जे काही लिहून झाले आहे, त्यातले बहुतेक तिघांनी लिहिले आहे : पोलिसांनी, वकिलांनी आणि वार्ताहरांनी. फिर्याद, आरोपपत्र, जामिनाचे अर्ज, त्यांवरचे निकाल, निषेधाची पत्रके, सुटकेची आवाहने असा हा कागदांचा ढीग आहे. मंचाने काय गायिले, कोठे गायिले, कोणापुढे गायिले, हे त्या ढिगात सापडते. सापडत नाही ती समीक्षा. हे गाणे गाणे म्हणून कसे आहे, त्याची चाल कोणत्या परंपरेतून आली, शब्द कोठे तोलला गेला आणि कोठे घसरला, या प्रश्नांकडे आमच्या साहित्यव्यवहाराने फारसे वळून पाहिलेले नाही. राज्यसंस्थेने हे गाणे कान देऊन ऐकले. ज्यांच्यासाठी ते गायिले गेले, त्या समाजातल्या लिहिणाऱ्यांनी ते ऐकले काय? हा प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

आमच्याकडे दलित कवितेवर ग्रंथ झाले. दलित आत्मकथनांवर प्रबंध झाले. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आले आणि त्याआधीही अनुभूती, बांधिलकी, विद्रोह, नकार या संज्ञांवर आम्ही दोन दशके भांडत होतो. हे भांडण आवश्यक होते. पण त्या भांडणात गाणे नव्हते. गाणे म्हणजे प्रचार, गाणे म्हणजे सभेला गर्दी जमावी म्हणून वक्त्याच्या आधी होणारा कार्यक्रम, अशी एक न बोललेली समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात रुजली. कृष्णा किरवले यांच्या 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध'सारखे काम झाले, परंतु त्याच्या पुढची वाट वर्दळीची झाली नाही. वामनदादा कर्डकांची असंख्य गाणी लोकांच्या ओठांवर राहिली. आमच्या अभ्यासक्रमांत मात्र त्यांना कवितेच्या शेजारी बसण्याचा अधिकार फार उशिरा आणि फार थोडा मिळाला. छापलेल्या शब्दाला वरची पंगत आणि गायिलेल्या शब्दाला खालची, ही उतरंड आम्ही कोणाकडून शिकलो, हे सांगण्याची गरज नसावी.

२

मंचाची वाटचाल प्रथम थोडक्यात मांडली पाहिजे, कारण आजच्या विद्यार्थ्याला ती तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असते.

२००२ साली गुजरातमध्ये जे हत्याकांड झाले, त्याच्या पार्श्वभूमीवर पुण्यात हा मंच उभा राहिला. त्यात वस्त्यांतली मुले होती, महाविद्यालयांत शिकणारी मुले होती, आणि पुष्कळजण एकाच वेळी दोन्ही होते. कासेवाडीच्या वस्तीतून आलेल्या शीतल साठे यांचा आवाज ही पुढे मंचाची ओळख झाली. सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर, दीपक डेंगळे, ज्योती जगताप ही नावे वेगवेगळ्या टप्प्यांवर मंचाशी जोडली गेली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबाची हत्या झाली. या घटनेने महाराष्ट्रातल्या आंबेडकरी तरुणांची एक पिढी मुळापासून हलली. मंचाच्या गाण्याची धारही त्यानंतर वेगळी झाली.

मे २०११ मध्ये दीपक डेंगळे आणि सिद्धार्थ भोसले यांना दहशतवादविरोधी पथकाने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध, हा आरोप होता. इतर कलावंत अज्ञातवासात गेले. त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसे मेली, त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. तेथून सुरू झालेला हा चित्रपट चौदा वर्षे चित्रित होत राहिला आणि शेवटी कबीर कला मंचापाशी येऊन पोचला. म्हणजे ज्या वर्षी मंचाचे गाणे पडद्यावर कायमचे नोंदले गेले, त्याच वर्षी ते रस्त्यावर ऐकू येईनासे झाले.

२०१३ च्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने डेंगळे आणि भोसले यांना जामीन दिला. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. आपण शरण आलो नसून अभिव्यक्तीसाठी सत्याग्रह करीत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. शीतल साठे तेव्हा गरोदर होत्या. जूनमध्ये त्यांना जामीन मिळाला. मे महिन्यात गोरखे आणि गायचोर हेही याच रीतीने पुढे आले. माळी, गोरखे आणि गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळावयास जानेवारी २०१७ उजाडला.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २०१७ रोजी, पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. भीमा कोरेगावच्या लढाईला दुसऱ्या दिवशी दोनशे वर्षे पूर्ण होत होती. मंच या परिषदेच्या आयोजनात होता आणि मंचावरही होता. ८ जानेवारी २०१८ रोजी पुण्यात या परिषदेविरुद्ध फिर्याद नोंदली गेली. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. त्यानंतरची कित्येक वर्षे या तिघांची खटला उभा राहण्याची वाट पाहत तुरुंगात गेली. दरम्यान शीतल साठे आणि सचिन माळी यांनी 'नवयान महाजलसा' या नावाने वेगळी वाट धरली होती.

ही झाली हकीकत. पण पाहा, ही हकीकत सांगताना मीही तारखा कोर्टाच्याच दिल्या. एखाद्या कलापथकाच्या आयुष्याचे पंचांग जर न्यायालयात तयार होत असेल, तर त्याची कला मोजावयाची कशी?

३

माझे काही विद्यार्थी गिटार वाजवतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांतली ही मुले आहेत. परदेशी रॉक त्यांना ठाऊक आहे आणि कबीर कला मंच त्यांनी फोनवर पाहिलेला आहे. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "सर, हाच आपला अल्टरनेटिव्ह रॉक." मला हे वाक्य हसण्यावारी न्यावेसे वाटत नाही. त्यात एक खरी तुलना दडलेली आहे आणि ती तपासून पाहिली पाहिजे.

'अल्टरनेटिव्ह' म्हणजे पर्यायी. पण कशाला पर्याय? अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात हे नाव रूढ झाले, तेव्हा मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर, छोट्या स्वतंत्र कंपन्यांकडून आणि विद्यार्थ्यांनी चालवलेल्या महाविद्यालयीन रेडिओवरून पसरणारे संगीत, असा त्याचा अर्थ होता. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला, लाखांनी खपला, आणि बघता बघता 'पर्यायी' हे दुकानातल्या एका फळीचे नाव झाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये रेज अगेन्स्ट द मशीन हा बँड सुरू झाला. वंशद्वेष, पोलिसी अत्याचार आणि भांडवलशाही यांविरुद्ध इतक्या उघडपणे गाणारा बँड त्या बाजारात विरळा होता. १९९२ सालच्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर एका बौद्ध भिक्षूचे छायाचित्र आहे : ११ जून १९६३ रोजी सायगावमध्ये, बौद्धांवरील दडपशाहीच्या निषेधार्थ स्वतःला जाळून घेणारे थिच क्वांग डुक. ज्वाळांत निश्चल बसलेला हा भिक्षू जगभरच्या दुकानांत पोचवला तो सोनी या बड्या उद्योगसमूहाच्या कंपनीने. मी त्या कलावंतांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की तेथे व्यवस्था विद्रोहाला विकत घेऊ शकते, आणि विकत घेते म्हणूनच सहसा तुरुंगात टाकत नाही. २००० साली गायक बाहेर पडला, बँड फुटला, २००७ साली पुन्हा एकत्र आला. अल्बम, दौरा, फूट, पुनर्मीलन असे त्या आयुष्याचे टप्पे आहेत. ते सारे बाजाराच्या पंचांगात बसतात.

कबीर कला मंचाला या पंचांगात जागाच नव्हती. त्याचा लौकिक अल्बमांच्या खपावर उभा राहिला नाही. त्याला विकत घ्यावयास कोणी आले नाही, कारण त्याच्या श्रोत्याच्या खिशात पैसा नव्हता. म्हणून मंचाची खरी तुलना करावयाची तर ती वेगळ्या नावाशी केली पाहिजे. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाचा १९७० च्या सुमारास स्वतःचा एक बँड होता. त्याचे नाव 'द लुंपेन'. पक्षाची रोजची कामे करणारे कार्यकर्तेच त्यात गात. लोकप्रिय सोल संगीताच्या चालींवर ते पक्षाचे शब्द चढवीत. हा बँड फार काळ टिकला नाही. १९७२ साली आमच्या तरुणांनी त्या पक्षाचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी केली. नाव आले, आवेश आला, कविता तर जगाने मान वर करून पाहावी अशी आली. पण पँथरच्या बँडची कल्पना आली नाही. त्याची गरजच आम्हांला वाटली नसावी, कारण आमच्याकडे जलसा होता आणि गायनपार्ट्या होत्या. हा वारसा खरोखरच श्रीमंत होता. फक्त त्याच्याकडे आम्ही नवी कला म्हणून पाहिले नाही.

आमच्याच देशात रॉक बँडच्या वाटेने कोणी गेले नाही असे नाही. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने आणि संगीतकार टेन्मा यांच्या नेतृत्वाखाली 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे राहिले. हे नाव अयोती दास पंडितर यांच्या 'जातिविहीन तमिळ' या संकल्पनेवरून घेतलेले आहे. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या अर्धशतकाहून अधिक आधी बौद्ध धम्माकडे वळलेले हे विचारवंत. चेन्नईच्या वस्त्यांतले गाना हे संगीत, जे मयताच्या घरी गायिले जाई, ते या तरुणांनी गिटार, ड्रम आणि रॅप यांच्याबरोबर उभे केले. त्यांचा पहिला कार्यक्रम ६ जानेवारी २०१८ रोजी झाला. वाचकांनी ही तारीख शनिवारवाड्याच्या तारखेशेजारी ठेवून पाहावी. एकाच आठवड्यात दोन शहरांत दोन आंबेडकरी रंगमंच उभे राहिले. चेन्नईतल्या रंगमंचापासून एका बँडची कारकीर्द सुरू झाली. पुण्यातल्या रंगमंचापासून खटला सुरू झाला. तमिळनाडूचे राजकारण वेगळे, तेथे पाठीशी उभा असलेला नामांकित चित्रपट दिग्दर्शक वेगळा, हे सर्व मान्य. तरीही महाराष्ट्राने, फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राने, या दोन तारखांसमोर थोडे थांबावे असे मला वाटते.

४

आता गाण्याकडे वळू.

मंचाची मुळे दोन आहेत. एक जलशाचे. सत्यशोधकी जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यात भटशाहीविरुद्धचा सवालजवाब भरला. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. दुसरे मूळ कामगारांच्या कलापथकाचे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली उभे केलेले लाल बावटा कलापथक हे त्याचे ठळक रूप. पहिल्यात जातीचा प्रश्न मध्यभागी होता, दुसऱ्यात वर्गाचा. आमच्या चळवळीत ही दोन मुळे पुष्कळदा एकमेकांकडे पाठ करून वाढली. संभाजी भगत आणि विलास घोगरे यांच्या पिढीने आव्हान नाट्य मंचातून ती एकमेकांत गुंतवण्याचा प्रयत्न केला. कबीर कला मंच त्याच्या पुढचा टप्पा होय.

मंचाने या परंपरेत भर कोणती घातली? माझ्या मते सर्वांत मोठी भर आवाजाची आहे. शाहिरी हा मर्दानी प्रकार, अशी आमची समजूत. फेट्याचा तुरा, डफावरची थाप, छाती काढून घेतलेली तान आणि मागे झील धरणारे साथीदार. आंबेडकरी जलशाने तमाशातल्या बाईला नाचवणे नाकारले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य. पण त्यामुळे रंगमंचाच्या मध्यभागी बाई फारशी आलीच नाही. शीतल साठे यांच्या रूपाने ती आली, आणि ती साथीला नव्हे, शाहीर म्हणून आली. त्यांचा आवाज उघडा आहे. तो वरच्या पट्टीत जातो तेव्हा नाजूक होत नाही, अधिक रुंद होतो. शब्दाचे टोक तो गिळत नाही. दूर बसलेल्या, कामावरून थकून आलेल्या माणसाला प्रत्येक अक्षर पोचले पाहिजे, ही वस्तीतल्या गाण्याची गरज. त्या गरजेतून हा आवाज घडलेला आहे. संगीत शिक्षणाच्या ज्या कसोट्या आम्ही आकाशवाणीकडून उसन्या घेतल्या, त्यांत हा गुण मोजण्याचे मापच नाही. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात आज घराघरांत ऐकल्या जातात. त्यांच्या आणि शीतल साठे यांच्या आवाजांचा एकत्र विचार करणारा निबंध अजून लिहिला जावयाचा आहे.

दुसरी भर समूहाची. मंचाच्या सादरीकरणात मागचे आवाज केवळ 'जी जी' म्हणत नाहीत. ते मुख्य आवाजाला अडवतात, पुढे ढकलतात, कधी त्याच्या तोंडून ओळ काढून घेतात. ऐकणाऱ्याला वाटते की ही तक्रार एका माणसाची नाही. 'मी' कडून 'आम्ही' कडे जाण्याची जी धडपड दलित कवितेला शब्दांतून करावी लागली, ती येथे स्वरांच्या मांडणीतूनच साधते.

परंतु स्तुतिपाठ हे समीक्षेचे काम नव्हे. मंचाच्या गाण्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. आईच्या कष्टांबद्दल, वस्तीतल्या जगण्याबद्दल, मारल्या गेलेल्या माणसांबद्दल हे कलावंत गातात तेव्हा शब्दाला वजन असते, कारण शब्दामागे पाहिलेली वस्तू असते. जेव्हा ते 'व्यवस्था', 'क्रांती', 'शोषक' यांबद्दल गातात, तेव्हा पुष्कळदा शब्द हलका पडतो आणि चाल त्याला उचलून धरते. महापुरुषांची नावे एकामागून एक येतात. टाळी पडते, पण ती नावाला पडते. हा दोष मंचाचा एकट्याचा नाही, आमच्या सगळ्या चळवळीच्या गाण्याचा आहे. वामनदादांच्या उत्तम रचनांत हा दोष नाही, कारण ते विचाराला घरगुती प्रतिमा शोधल्याशिवाय सोडत नसत. संभाजी भगत यांच्या गाण्यात तो कमी आहे, कारण त्यांच्यापाशी विनोद आहे. पुढे मंचातही उपहास वाढत गेला, हे एल्गार परिषदेतल्या सादरीकरणावरून दिसते. माझ्या मते ही कलात्मक वाढ होती. दुर्दैव असे की तिची दखल प्रथम घेतली ती तपासयंत्रणेने.

आणि एक गोष्ट. 'कबीर कला मंच' ते 'नवयान महाजलसा' हा केवळ नावाचा बदल मानता येणार नाही. पहिल्या नावात कबीर आहे, म्हणजे सर्वांना सामावणारी संतपरंपरा आहे, आणि 'कला' व 'मंच' हे शहरी, पुरोगामी शब्द आहेत. दुसऱ्या नावात बाबासाहेबांचा बौद्ध धम्म आहे आणि 'जलसा' हा जुना, आमच्या आजोबांचा शब्द परत आलेला आहे. जात आणि वर्ग या दोन मुळांमधला तोल पुन्हा एकदा बदलतो आहे, हे या नावातच वाचता येते. कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा करण्याची मला घाई नाही. पण हा वाद गाण्यांतून कसा झाला, चालींत काय बदलले, श्रोते कोठे बदलले, हे तपासणे समीक्षेचे काम होते. आम्ही ते न केल्यामुळे हा वैचारिक प्रवास केवळ 'फूट' या एका शब्दात गुंडाळला गेला.

५

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ज्योती जगताप यांचा जामीन नाकारला. त्या निकालात मंचाच्या एल्गार परिषदेतल्या सादरीकरणाचा विचार आहे. सरकारच्या घोषणांची, गोमूत्राची, शाखांची, राममंदिराची त्यात उडवलेली टर न्यायालयाने नोंदली आणि ती निवडून आलेल्या सरकारविरुद्ध रोख धरणारी मानली. याच न्यायालयाने २०१३ साली मंचाच्या इतर कलावंतांना जामीन देताना एखाद्या विचारसरणीविषयी सहानुभूती असणे आणि बंदी असलेल्या संघटनेचे सक्रिय सदस्य असणे यांत फरक केला होता. दोन निकाल, दोन वाचने. कायद्याच्या अंगाने त्यांची चर्चा वकील करतील. माझ्यासारख्या साहित्याच्या शिक्षकाला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. उपहास म्हणजे काय, रंगमंचावरचे वाक्य आणि वक्त्याचे वाक्य यांत भेद कोणता, पात्राच्या तोंडचा शब्द कर्त्याचा मानावा काय, हे सगळे साहित्यशास्त्राचे प्रश्न आहेत. ते कोर्टात विचारले गेले. साहित्यशास्त्र शिकवणारे आम्ही त्या वेळी कोठे होतो?

आम्ही निषेधपत्रकांवर सह्या करीत होतो. त्या सह्या आवश्यक होत्या, मीही केल्या आहेत. पण त्या पत्रकांची भाषा पुन्हा वाचून पाहावी. 'हे केवळ कलावंत आहेत', 'यांनी फक्त गाणी म्हटली', असा त्यांचा सूर असतो. हा सूर मला नेहमी खटकत आला आहे. सरकारपक्ष म्हणतो, गाणे धोकादायक आहे, म्हणून गाणाऱ्याला कोंडा. आम्ही म्हणतो, गाणे निरुपद्रवी आहे, म्हणून गाणाऱ्याला सोडा. या वादात गाण्याला कमी लेखतो तो आमचाच पक्ष. गाण्याने काहीच होत नसेल तर जलसे का केले? गाण्याने काही होत नसते तर बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसाच्या घरात कोणी पोचवला? गाण्याने खूप काही होते. गाणे माणसाला हिंसा करावयास लावत नाही. ते त्याला आपली स्थिती दिसावयास लावते, आणि एकदा दिसलेली गोष्ट पुन्हा न दिसती करता येत नाही. अभिव्यक्तीचा अधिकार घटनेने निरुपद्रवी बोलणाऱ्यालाच दिलेला नाही. म्हणून बचाव असा असावयास हवा होता : होय, हे गाणे परिणामकारक आहे, ते का परिणामकारक आहे ते असे, आणि परिणामकारक असणे हा गुन्हा नव्हे. हा बचाव मांडावयास वकिलाच्या शेजारी समीक्षक लागतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चालतो. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असतो. त्यातली गाणी संभाजी भगत यांची आहेत. हा चित्रपट व्हेनिसला गौरवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे शाहिरावरचा खटला जगाने पडद्यावर पाहिला, त्याचे कौतुक केले, आणि ही सगळी वर्षे खरे शाहीर खऱ्या कोर्टाच्या तारखा मोजत राहिले. पडद्याला दोष देण्यात अर्थ नाही. 'जय भीम कॉम्रेड' नसता तर मंचाच्या आरंभीच्या वर्षांची बोलकी नोंद किती उरली असती? दोष असलाच तर तो नोंद दुसऱ्यावर सोपवून मोकळे होणाऱ्या आमच्या व्यवहाराचा आहे.

६

हे सर्व मी रत्नागिरीत बसून का लिहितो आहे, असे कोणी विचारील. पुण्याचा मंच, मुंबईचे न्यायालय. कोकणाचा यात काय संबंध? संबंध आहे. कोकणात गाण्याची उणीव कधीच नव्हती. शिमग्यात नमन, गणपतीत जाखडी. शक्तीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र सवालजवाब करतात. पण या गावरहाटीत आमच्या वाट्याला कला नव्हती, मान म्हणून सांगितलेले काम होते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. १९५६ नंतर येथल्या वाड्यांनी देवाबरोबर ती कामेही सोडली. सोडले ते योग्यच सोडले. त्यानंतर बौद्धवाडीचे गाणे नव्याने उभे राहिले ते मुंबईच्या चाळींतल्या गायनपार्ट्यांच्या आणि जलशांच्या आधारावर. चाकरमानी मे महिन्यात घरी आला की वाडीत संयुक्त जयंती होई, आणि त्या रात्री हार्मोनियम व ढोलकी बाहेर निघे. वर्षावासात ग्रंथवाचन आजही चालते. गाणे मात्र हळूहळू ध्वनिक्षेपकाच्या भिंतीकडे गेले. तयार, ध्वनिमुद्रित, कर्कश. वाडीतला गाणारा गप्प बसला आणि वाडी नाचू लागली.

गिटार वाजवणारी माझी मुले या शांततेत वाढली आहेत. त्यांना परदेशी बँड सापडतो, चेन्नईचा बँड सापडतो, आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्या गायकाची वही सापडत नाही. कबीर कला मंच त्यांना भेटतो तो खटल्याची बातमी म्हणून. त्यांना 'आपला बँड' हवा आहे आणि ही मागणी उथळ नाही. ती पुरी करावयाची तर मुलांच्या हातात काहीतरी द्यावे लागेल. तेव्हा शेवटी माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात आंबेडकरी गाण्याच्या वह्या गोळा कराव्यात, चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, गायक-गायिकांच्या मुलाखती घ्याव्यात. मंचाच्या उपलब्ध गाण्यांची पाठासह, पाठभेदांसह संपादित आवृत्ती काढावी. आपल्या नियतकालिकांनी कवितेच्या परीक्षणाइतकी पाने गाण्याच्या परीक्षणाला द्यावीत, आणि ते परीक्षण भिडेखातर लिहू नये. महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि संगीताच्या शिक्षकांनी यासाठी एकत्र बसावे. आजवर ते एकमेकांच्या वर्गासमोरून नुसते जात आले आहेत.

आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी या कामाला आरंभ केला आहे. आजवर त्यांच्या हाती तीन वाड्यांतल्या चार वह्या आल्या आहेत. त्यांतल्या एका वहीत, गाण्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत, प्रत्येक गाणे कोणत्या गावी, कोणत्या साली, किती माणसांपुढे म्हटले, हे त्या गायकाने स्वतःच लिहून ठेवलेले आहे.